चौथ्याचं चौथं

श्रेणिकनं झाडाला तपकिरी पानं काढली
आणि खोड हिरवं. बाईंनी वहीत लिहून पाठवलं,
"लक्ष नाही."
लक्ष नाही म्हणे.
मुंग्यांची रांग मोजत दुपार घालवणारं पोर ते.

मिरजेच्या डॉक्टरांनी ठिपक्यांची पानं उलटली.
बारा तेवढा वाचला त्यानं. मग हा? नाही. हा? नाही.
मला सगळे दिसत होते, एकोणतीस, सहा, चौऱ्याहत्तर,
आणि मी ओठ घट्ट मिटून बसले होते.
"आईकडून येतं हे," डॉक्टर म्हणाले,
"बायकांना सहसा होत नाही, त्या फक्त पुढं घेऊन जातात."
मला वाटलं, माझ्या मांडीवर कुणीतरी झाकणाचा डबा ठेवलाय
आणि तो इतकी वर्षं मीच सांभाळत होते.

सासूबाईंना ठिपके पटले नाहीत.
त्या पोराची पत्रिका घेऊन थेट उपाध्यांकडं.
सहावं घर मामाचं, उपाध्ये म्हणाले, बुध तिथं अडकलाय,
डोळ्यावर शनीची नजर. पोर मामाच्या वळणावर.
मला भाऊ नाही, मी म्हणाले.
त्यांनी चष्मा पुसला. "मग तुमचा मामा बघा."

भूपालमामा.
तासगावात बेदाण्याच्या शेडवर
हिरव्या मालात पिवळा टाकायचा, शिव्या खायचा.
मग डोळे मिटून बोटांनी निवडायला लागला,
मग एकेक दाणा जिभेवर ठेवून.
मालकानं काढून टाकलं. माल खातोय म्हणून.
आजी म्हणायची, "त्येला समदं एकच दिसतंय, देवावानी."

आणि मी? त्याच रस्त्यावरच्या शेडमध्ये
अकरा वर्षं निवडणीच्या टेबलाशी.
हिरवा, पिवळा, काळा, डागी.
पट्टा कितीही पळू दे, माझी नजर चुकत नाही.
याच डोळ्यांमागं ते बसलंय, शांत, भाडं न देता.

रात्री माझी पत्रिका काढली. माहेरच्या ट्रंकेत होती,
हळदीचं बोट उमटलेली.
चौथं घर आईचं, एवढं मला ठाऊक.
मग आईच्या आईचं? चौथ्यापासून चौथं:
चार, पाच, सहा, सात.
सातवं तर नवऱ्याचं!
तिथं आजी बसलेली, हौसाक्का, मिश्री लावत.
सातापासून चौथं, दहावं. तिथं पणजी.
तिचं नाव पद्माक्का, आणि ती डाव्या हातानं भाकरी थापायची,
इतकीच माहिती शिल्लक आहे.
दहापासून चौथं:
दहा, अकरा, बारा,
एक.

बोट थांबलं.
एक म्हणजे मी.
पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.
पद्माक्काची आई माझ्या घरात बसली आहे.
तिचं नाव कुणालाच माहीत नाही.
मगदूम, चौगुले, उगारे, शेटे,
दर पिढीला आडनाव बदलत आलेली ही वाट,
कुळाच्या वंशावळीत हिला ओळ नाही,
म्हातारपणी तोंडपाठ म्हणून दाखवायलाही कुणी नाही.
खाण तशी माती म्हणतात,
पण खाणीचं नाव विचारत नाहीत.

तिलाही कुणी भाऊ असेल.
ओली वैरण आणि वाळकी वैरण एकाच पेंढीत बांधणारा,
बापाचा मार खाणारा.
तिनं त्याच्या पाठीला तेल चोळलं असेल
आणि पोटात मुलगी असेल.

"हिरवं म्हंजे कसं गं?" श्रेणिकनं विचारलं.
मला चटकन सांगता येईना.
"आंबट," मी म्हणाले. "अर्धवट पिकलेल्या घडासारखं."
त्यानं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी.

मग खडूंच्या कागदांवर मी पेननं लिहीत गेले.
हि, ता, पि.
तपकिरीवर काय लिहू?
त्यानं खडू हुंगला, जीभ लावून बघितली, तोंड वाकडं केलं.
"त्याच्यावर भू लिही," म्हणाला.